सावलीचा हंगाम

झाडाखालच्या भूमीसाठी आच्छादन निवडताना मालकाची पृच्छा बहुधा पानांविषयी असते: ते बारमाही हिरवे राहील काय, तण दडपील काय, पाण्यावाचून तगेल काय? दक्षिण इंग्लंडमधील बागांची मशागत हाच माझा चरितार्थ असल्यामुळे हे प्रश्न मला गैर वाटत नाहीत. परंतु फेब्रुवारी-मार्चमध्ये मातीतून वर येणाऱ्या बंबलबीच्या राणीची निकड लक्षात घेतली, म्हणजे निवडीचा शिरस्ताच पालटावा लागतो.

ही केसाळ माशी थंड मुलखाची. भारतात तिचा मुक्काम मुख्यतः हिमालयात. मधमाशीप्रमाणे तिच्या दिमतीला मधाची कोठारे किंवा कामकऱ्यांचा लवाजमा नसतो. हिवाळा एकटीने काढलेल्या राणीवरच भावी वसाहतीची सारी भिस्त असते. उड्डाणापूर्वी तिला छातीचे स्नायू थरथरवून सुमारे ३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागतात, आणि त्यासाठी मकरंद हवा. अंडाशय परिपक्व होण्यासाठी परागही तितकेच अगत्याचे.

अशा वेळी सावलीचा अर्थ पंचांग पाहून लावावा लागतो. बीच किंवा ओक वृक्षाच्या तळाशी जूनमध्ये दाट छाया असली, तरी मार्चमध्ये निष्पर्ण फांद्यांतून तेथेच भरपूर ऊन उतरते. सबब, छत मिटण्यापूर्वी फुलोरा उरकून पुढे पानांवर निभावून नेणारी वनस्पतीच तेथे शोभते. सदाहरित आयव्हीचे उदाहरण याच्या उलट आहे. ती जमीन उत्तम झाकते, पण सरपटत असेतो फुलत नाही. उंच चढून प्रौढ झाल्यावर फुलते, तेही शरदात, जेव्हा राणीची वसंतातील निकड केव्हाच सरलेली असते.

माझी पहिली पसंती पल्मोनारियाला. तिची पाने खरखरीत, बहुधा रुपेरी ठिपक्यांची. कळी गुलाबी उमलून पुढे निळी होते, आणि एकाच गुच्छात दोन्ही रंग शेजारी नांदतात. ताज्या गुलाबी फुलांत मकरंद अधिक असल्याने माशी त्यांच्याकडे वळते, तर निळी फुले दुरून गुच्छ नजरेत भरवतात. तिच्या जोडीला मी ठिपकेदार लॅमियम लावतो. त्याच्या खालच्या ओठावर राणी बसली, की वरच्या टोपीखाली दडलेले पुंकेसर तिच्या पाठीला पराग माखतात. ओलसर जागी अजुगा पसरू द्यावा. एप्रिलपासून त्याचे निळे तुरे उभे राहतात. बुटका, पसरणारा कॉम्फ्रे कोरड्या सावलीतही निभावतो. त्याच्या खोल नळीत लांब जिभेची माशी राजमार्गाने पोहोचते, तर आखूड जिभेची बाजूने भोक पाडून मकरंद लुटते. म्हणून फुलांच्या नळ्या एकाच मापाच्या असू नयेत, एवढी तजवीज मी कटाक्षाने करतो. दुहेरी पाकळ्यांचे शोभिवंत प्रकार मात्र वर्ज्य समजतो, कारण पाकळ्यांच्या दाटीत पराग व मकरंद दुर्मिळ किंवा दुर्गम होतात.

लागवडीनंतर माझा आग्रह एकच: शरदातील पाचोळा उचलू नये आणि झाडाखालची माती उकरू नये, निजलेली राणी तेथेच असू शकते, आणि उंदरांची सोडलेली बिळे पुष्कळदा तिच्या घरट्याच्या कामी येतात. मालकाला बागेचा नकाशा देताना फुलोऱ्याचा महिनावार तक्ताही मी जोडतो. त्यातला मार्चचा रकाना कोरा राहिला, तर जूनमधील बहर वेचण्याकरिता वसाहत उभीच राहत नाही.