आजीचे कान आणि पेटीचा पंखा

मराठीत आवाजांना शब्द कमी नाहीत. पान सळसळतं, भांडी खणखणतात, माशी भुणभुणते. पण आमच्या हॉलमधल्या नेटवर्क स्विचच्या आवाजाला नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. माशी निदान मधूनमधून बसते तरी. हा बसत नाही.

हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. इंटरनेटच्या सगळ्या केबल जिथे एकत्र येतात, ती पेटी. बाबा घरूनच अकाउंट्सचं काम करतात, त्यासाठी त्यांनी चोवीस पोर्टची जुनी पेटी स्वस्तात आणली. जागा एकच होती, हॉलमधलं टेबल. आणि टेबलाला लागून आजीची खुर्ची.

आजी मूळची वसईची. कानाला मशीन लावते. पेटी आल्यापासून हॉलमध्ये बसली की ती मशीन काढून डबीत ठेवायची. संध्याकाळी रोझरीला तिचं उत्तर मागे पडायला लागलं. आई म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. आजी म्हणाली, "माझे कान बरे आहेत गं. त्या पेटीपुढे तुमचं बोलणंच पोचत नाही."

हिशेब केला तर आजीचं खरं होतं. आतला पंखा जेमतेम ४० मिलिमीटरचा. मिनिटाला ६००० फेरे, म्हणजे सेकंदाला १००. पाती सात. म्हणून हवेला सेकंदाला ७०० धक्के. माणसाच्या बोलण्याचे आवाजही याच पट्ट्यात असतात. कानाचं मशीन दोन्ही मोठे करतं, त्यातून बोलणं वेगळं काढायचं काम आजीच्या डोक्यावर.

पंख्याचं दुखणं आवाजावरूनच कळतं. खरखर असेल तर बेअरिंग कोरडं पडलंय. खडखड असेल तर पातं कुठेतरी घासतंय. आमचा आवाज एकसुरी होता, म्हणजे दुखणं वेगाचंच. धूळ झाडून तो जाणार नव्हता, पंखाच बदलायला हवा होता.

जेल रोडवर गेलो. दुकानदार म्हणाला, "भिया, साइलेंट वाला दे दूँ, पर हवा भी कम देगा." अगदी बरोबर. वेग अर्धा केला की हवाही अर्धी होते. पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून वेग थोडा जरी कमी केला, तरी कानाला फरक कळतो. मात्र इंदूरमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि आमच्या पेटीवर मर्यादा लिहिली आहे ४० अंश. अगदी मुका पंखा घेणं परवडणारं नव्हतं. मी २० मिलिमीटर जाडीचा, ५००० फेऱ्यांचा, चांगल्या बनावटीचा पंखा मागवला. असे पंखे कागदावर १५ डेसिबलच्या आसपास असतात.

तुम्हाला करायचं असेल तर आधी प्लग काढा आणि थोडं थांबा. वीज येते त्या बाजूच्या भागाला हात लावू नका, तिथले कपॅसिटर नंतरही भारलेले असतात. व्होल्टेज जुन्या पंख्याइतकंच हवं, बहुधा १२. तीन तारांचा क्रम जुळतो का ते पाहा, कंपनीगणिक तो बदलतो. तिसरी तार वेग कळवते. वेग फार कमी वाटला तर काही पेट्या धोक्याचा दिवा लावतात. हवेची दिशा जुन्यासारखीच ठेवा. आणि केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज पुरवणारी पेटी असेल तर हा उद्योग नको, ती फार तापते.

आता पेटी भिंतीपासून वीतभर पुढे सरकवली आहे, म्हणजे हवा अडत नाही. आवाज पूर्ण गेलेला नाही, पण आजीचं मशीन कानातच असतं. परवा बाबा फोनवर कुणाला तरी वजन सांगताना पाच किलो कमी करून बोलले. खुर्चीतून लगेच दुरुस्ती आली.