एमपीफोर, ओजीव्ही की वेबएम? मामीला विचारा!

सॉफ्टवेअरवाल्या मंडळींचं एक बरं असतं. प्रोग्रॅम विंडोजवर चालतो, लिनक्सवर चालतो, अँड्रॉइडवर चालतो म्हणून कॉलर टाइट! पण त्याच्यासोबत दिलेला ‘हे कसं वापरायचं’वाला व्हिडिओ? त्याचा फॉरमॅट शेवटच्या रात्री ठरतो. म्हणजे ठरतच नाही. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरने जे पुढ्यात टाकलं, ते एक्स्पोर्ट.

माझ्या एका हिंजवडीकर मित्राने बचतगटांच्या हिशेबाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. फुकट, पेनड्राइव्हवरून वाटायचा. ‘तू मासकॉम केलंयस ना? मग व्हिडिओ तुझे,’ असं म्हणत सहा व्हिडिओ माझ्या गळ्यात मारले. ट्रायलसाठी मी भोर तालुक्यातलं भोंगवली सुचवलं. माझं आजोळ, आणि मामी तिथल्या एका गटाची सचिव. तिथे गटाचा विंडोज ७ वाला म्हातारा लॅपटॉप, मामेभावाचा उबुंटूवाला आणि मामीचा अँड्रॉइड फोन. क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतात ते सगळं एकाच ओसरीवर!

मित्राचा हट्ट एच.२६५चा. तशी चीज सॉलिड आहे. जुन्या एच.२६४च्या साधारण निम्म्या साइजमध्ये तेवढीच क्वालिटी. मामीच्या फोनवर व्हिडिओ झकास चालला. गटाच्या लॅपटॉपवर मात्र आवाज आला आणि चित्राच्या जागी काळोख. विंडोज ७च्या मीडिया प्लेअरला एच.२६५ कळतच नाही. मित्राने फोनवर लगेच ‘कोडेक इश्यू’ म्हणून निदान केलं. मामी मात्र माउसवरून हात काढून मागे सरकली. ‘माझ्याकडून कायतरी दाबलं गेलं का गं?’

इथे माझं डोकं सटकलं. व्हिडिओ चालला नाही तर आपण दोन शिव्या हासडून गुगल करतो. मामी स्वतःला दोष देते आणि लॅपटॉप मिटून ठेवते. पुन्हा उघडेल याची गॅरंटी नाही. आणि कुणाला फोन करून तक्रार तर मुळीच करणार नाही.

थोडं टेक्निकल सांगते, कंटाळू नका. एमपीफोर हा नुसता डबा. आत भाजी कुठली, ते कोडेक ठरवतं. बाहेरून दोन्ही फाइल एमपीफोरच दिसतात, पण एकीत एच.२६४ असतो, दुसरीत एच.२६५. म्हणून ‘एमपीफोर दिलाय की!’ या उत्तराला काही अर्थ नसतो. नवीन विंडोज घेतलं की प्रश्न सुटला असंही नाही. विंडोज १०वर मायक्रोसॉफ्टने एच.२६५चं एक्स्टेन्शन आपल्या स्टोअरमध्ये वेगळे पैसे लावून ठेवलं.

या भानगडीच्या मुळाशी पेटंट आहेत. एच.२६४ सगळीकडे चालतो, पण त्याच्यावर अनेक कंपन्यांचे पेटंट. म्हणून उबुंटूवर तो चालवायला कोडेक वेगळे टाकावे लागतात. यावर उतारा म्हणून गुगलने २०१०मध्ये वेबएम आणलं, कुणालाही वापरायला मोकळं. २०११च्या जानेवारीत तर क्रोममधून एच.२६४ काढून टाकतो अशी घोषणाही ठोकली. काढला मात्र कधीच नाही! अॅपलच्या सफारीने वेबएमला दारातून आत घ्यायला २०२१ उजाडलं.

आपल्याकडे हा प्रश्न तत्त्व म्हणून सोडवला तो आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने. प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांचा हा उपक्रम. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठीसकट अनेक भारतीय भाषांत डब केलेले. इंटरनेट नसलेल्या ठिकाणी ऑफलाइन वाटता यावेत अशी सोय. आणि फॉरमॅट? ओजीव्ही, म्हणजे थिओरा कोडेक. पेटंटची कटकट नाही, लिनक्सवर सुखात चालणार. मुक्त सॉफ्टवेअर शिकवायचं आणि व्हिडिओ बंदिस्त फॉरमॅटमध्ये द्यायचा, हे त्यांना शोभलं नसतंच. मला हा बाणा आवडतो. पण विंडोज ७चा मीडिया प्लेअर ओजीव्ही आपणहून उघडत नाही, त्यासाठी व्हीएलसीसारखा प्लेअर लागतो. कॉम्प्युटर लॅबमध्ये तो टाकून द्यायला सर असतात. भोंगवलीच्या ओसरीवर कोण असणार?

‘मग आपणही व्हीएलसी देऊ की,’ मित्र म्हणाला. देऊ ना. पण जुन्या प्रोसेसरला एच.२६५ उलगडताना धाप लागते, चित्र अडखळतं. शिवाय व्हिडिओ बघण्यासाठी आधी दुसरं काहीतरी इन्स्टॉल कर, हे सांगायला तिसरा व्हिडिओ काढायचा का?

शेवटी बरीच हुज्जत घालून ठरलं. प्रत्येक व्हिडिओच्या दोन फाइल. विंडोज आणि अँड्रॉइडसाठी एमपीफोर, आत एच.२६४ आणि एएसी ऑडिओ. उबुंटूसाठी वेबएम. कुठली उघडायची ते प्रोग्रॅम स्वतः ठरवेल, मामीला विचारणार नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर डबल फाइल ठेवल्याने काही आभाळ कोसळत नाही.

एक गोष्ट मात्र मित्राच्या हिशेबात नव्हतीच. देवनागरी! व्हिडिओ फार दाबला की आधी बळी जातो अनुस्वाराचा. ‘बँक’ची ‘बॅक’ होते, बारीक मात्रा धुरकटतात. त्यात लाल अक्षरं असतील तर आणखी वाट, कारण साइज कमी करताना रंगाचा तपशील उजेडापेक्षा जास्त कापला जातो. म्हणून पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं ठेवली. बिटरेट वाचवायचा तर फ्रेम कमी करा. स्क्रीनवर माउसच तर फिरतोय, सेकंदाला पंधरा फ्रेम भरपूर झाल्या. फाइलची नावं रोमन लिपीत, कारण मराठी नावांच्या फाइल झिप करून दुसऱ्या मशिनवर उघडल्या की कधीकधी नावाच्या जागी नुसती चिन्हं नाचतात.

सगळं तीनही मशिनवर चाललं. मग मामीने पहिला व्हिडिओ व्हॉट्सअॅपवरून शेजारच्या गटाला पाठवला. व्हॉट्सअॅपने तो असा पिळून काढला की हप्त्याच्या रकमेतला ३ आहे की ८, कळेना. आता प्रोग्रॅमच्या पहिल्याच पानावर एक ओळ टाकलीय : हा व्हिडिओ पुढे पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ओळ कशी लिहायची, ते मामीनेच सांगितलं. मित्राने लिहिलेली कुणाला कळली नव्हती.