पुढचा चेंडू पडायच्या आत

शालेय सॉफ्टबॉलच्या मैदानावर पंच, प्रशिक्षक आणि पालक यांच्यात जी धुसफूस चालते, तिच्याबद्दल बोलायला लागलं की आपण लगेच शिस्तीवर आणि संस्कारांवर येतो. पालकांनी आरडाओरडा करू नये, प्रशिक्षकांनी डोकं शांत ठेवावं, पंचांनी तोऱ्यात वागू नये, असं सगळेच म्हणतात आणि सगळ्यांना ते पटतंही. तरी पुढच्या सामन्यात तेच होतं. पंचगिरी आणि मुलींना खेळ शिकवणं ही दोन्ही कामं करताना माझं मत असं झालं आहे, की हा प्रश्न आपण चुकीच्या टोकाने धरला आहे. कडेच्या गोंगाटाने पंचाचा अपमान होतो हे खरंच. पण ज्या मुलीच्या बाजूने तो गोंगाट चाललेला असतो, तिच्या संघाचं नुकसान त्याहून मोठं असतं. सॉफ्टबॉलच्या नियमांनी दाद मागायचे काही पक्के हक्क संघाला दिलेले आहेत. फक्त त्यांची मुदत फार छोटी आहे. पिचरने पुढचा चेंडू टाकला की हक्क संपला. आणि नेमके तेच काही क्षण आपण आरडाओरड्यात घालवतो.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. तिसऱ्या बेसवर रनर आहे. बॅटरने चेंडू उंच मारला, आउटफिल्डच्या मुलीने तो झेलला, पण रनर झेल होण्याआधीच बेस सोडून पळाली आणि होम प्लेट गाठून मोकळी झाली. पंचाने हे पाहिलेलं असतं. तरी तो काही बोलत नाही. कडेला पालक उसळतात: ‘ती लवकर सुटली! पंचाला दिसत नाही का?’ त्याला दिसलेलं आहे, पण नियमाने त्याला गप्प राहणं भाग आहे, कारण हा अपीलचा निर्णय आहे. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने चेंडू तिसऱ्या बेसला लावून, किंवा खेळ थांबल्यावर इनफिल्डमधल्या एखाद्या मुलीने तोंडी अपील करून विचारलं, तरच त्याने ‘आऊट’ म्हणायचं. याउलट, पिचरच्या हातून चेंडू सुटण्याआधी रनरने बेस सोडला, तर पंच कुणाची वाट न बघता तिला स्वतःहून बाद देतो. कडेवरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा एकच गोष्ट दिसते, मुलगी लवकर सुटली. एकदा पंच हात वर करतो, एकदा पुतळ्यासारखा उभा राहतो. ज्याला हा फरक ठाऊक नाही, त्याला पंच पक्षपाती वाटला तर त्यात नवल नाही. आता डगआऊटकडे बघा. सर पालकांकडे तोंड करून ‘थांबा हो, थांबा’ म्हणताहेत, किंवा स्वतःच पंचावर ओरडताहेत. मुली गोंधळून सरांकडे बघताहेत. कॅचरने चेंडू पिचरकडे टाकला, पिचरने पुढच्या बॅटरला चेंडू टाकला. अपील गेलं. धाव कायम. जी गोष्ट पालक ओरडून सांगत होते ती शंभर टक्के खरी होती, आणि तरी ती मिळाली नाही, कारण ती मागायची तिथे कुणी मागितलीच नाही.

यावर एक आक्षेप लगेच येतो. हे झालं अपीलचं. पण रोजची भांडणं तर स्ट्राइक-बॉल आणि आऊट-सेफ यांवरून होतात, त्याचं काय? तिथे तर अपील नाही. बरोबर. पण तिथे कडेला बसलेल्या माणसाला किती दिसतं, हे आधी नीट बघायला हवं. मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचरची पट्टी होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते. ताशी ८० किलोमीटरने सुटलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात प्लेटवर येतो. प्लेट १७ इंच रुंद. चेंडूचा घेर १२ इंच, म्हणजे तो पावणेचार इंचांहून थोडा जास्त रुंद, आणि त्याची नुसती कड स्ट्राइकच्या टापूला शिवली तरी स्ट्राइक. म्हणजे बहुतेक सगळा चेंडू प्लेटच्या बाहेरून गेला तरी तो नियमाने स्ट्राइक असू शकतो. पंच कॅचरच्या मागे वाकून, कॅचर आणि बॅटर यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून हे पाहतो. पहिल्या बेसच्या बाजूला बसलेल्यांना चेंडूची उंची बऱ्यापैकी कळते, पण तो आतून गेला की बाहेरून हे कळायला काही मार्गच नसतो. जाळीमागे उभं राहणाऱ्यांना आत-बाहेर कळतं, उंची फसवते. तिथूनच काढलेला मोबाइलचा व्हिडिओही तितकंच सांगतो. पहिल्या बेसवरचा निर्णय तर आणखी नाजूक. बेसच्या पंचाची नजर बेसवर खिळलेली असते, रनरचा पाय कधी टेकतो त्यावर. चेंडू ग्लोव्हमध्ये बसल्याचं तो कानाने टिपतो. ‘फट्’ आधी की पाय आधी, एवढ्यावर आऊट किंवा सेफ ठरतं. ऐन त्या क्षणी साठ-सत्तर माणसं ‘सेफ, सेफ’ करून ओरडत असतील, तर आपण ज्या पंचाकडून अचूक निर्णयाची अपेक्षा करतो त्याचाच एक कान आपण बंद केलेला असतो.

पंच चुकतात. याबद्दल मला कुठलीही टाळाटाळ करायची नाही. शालेय सामन्यांना पुष्कळदा दोनच पंच असतात, कधी एकच. आणि त्यांची नजर एका वेळी एकाच ठिकाणी असते. म्हणून तर नियमांत वाट ठेवलेली आहे, आणि ती प्रशिक्षकाच्या हातात आहे. खेळ थांबल्यावर त्याने वेळ मागावी, निर्णय देणाऱ्या पंचाकडे चालत जावं आणि विचारावं. काय विचारावं, यातच सगळं आहे. ‘ती आऊट कशी?’ या प्रश्नाला पंचाकडे ‘मला तशी दिसली’ याखेरीज उत्तर नसतं, कारण डोळ्यांनी केलेल्या निवाड्यावर हरकत घेता येत नाही. पण ‘तुमच्या आड आमची शॉर्टस्टॉप आली होती, दुसऱ्या पंचांना एकदा विचाराल का?’ हा प्रश्न पंचाला मदत करतो, आणि समजूतदार पंच विचारतोही. तिसरा प्रकार नियमाचा. समजा तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला, पहिला बेस रिकामा होता, बॅटर पहिल्या बेसकडे धावली आणि पंचाने तिला केवळ तीन स्ट्राइक झाले म्हणून बाद दिलं. इथे नियमच चुकीचा लावला गेला. यावर हरकत घेता येते, मात्र तीही पुढचा चेंडू पडण्याआधी. जो प्रशिक्षक दर डावात स्ट्राइकवरून हातवारे करतो, त्याची ही खरी हरकतही पंचाच्या कानाला तशीच लागते. पंचानेही इथे आपली बाजू सांभाळायला हवी. नियमाचा प्रश्न विचारला गेला तर त्याने दोन वाक्यांत नियम सांगितलाच पाहिजे. ‘पंचाचा निर्णय अंतिम’ एवढं म्हणून पाठ फिरवणारा पंच नियमाने दिलेली वाट बंद करतो, आणि मग कडेवरच्या गोंगाटाला तोही जबाबदार असतो.

पालक इतके का तापतात, हेही समजून घ्यायला हवं. जळगाव, अमरावती, पुणे अशा जिल्ह्यांत मुली हा खेळ मनापासून खेळतात, आणि घरच्यांनी त्यासाठी पहाटे उठून, पदरमोड करून त्यांना मैदानावर पोचवलेलं असतं. जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत जाणाऱ्या या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. एक सामना हरला की वर्ष संपलं. दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकऱ्यांतलं ५ टक्के क्रीडा आरक्षण या पायऱ्यांवर अवलंबून. अशा वेळी एका ‘आऊट’मध्ये आईबापांना मुलीचं भविष्य दिसत असेल, तर त्यांना उथळ म्हणणं अन्यायाचं आहे. उलट मी म्हणेन, इतकं पणाला लागलेलं आहे म्हणूनच हक्क वाया जाऊ देणं परवडत नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. पंच जर यजमान शाळेचेच क्रीडाशिक्षक असतील, किंवा समोरच्या संघाच्या सरांचे सहकारी असतील, तर नियम-नियम करत बसून काय उपयोग? ही तक्रार खोटी नाही. जिल्ह्यात पंच मोजके, त्यांतले बरेच कुठल्या ना कुठल्या शाळेत नोकरीला. पण ही तक्रार सामना सुरू होण्याआधीची आहे. पंचांची नेमणूक कळल्यावर, किंवा फार तर प्लेटपाशी दोन्ही प्रशिक्षक खेळाडूंची यादी द्यायला जमतात तेव्हा, प्रशिक्षकाने संयोजकांसमोर ती मांडावी, आणि संयोजकांनी पंच बदलून द्यावा. ज्या प्रशिक्षकाने तेव्हा मान डोलावली आणि चौथ्या डावात हरायला लागल्यावर पालकांकडे वळून ‘बघा, त्यांचाच माणूस आहे’ असं म्हटलं, त्याने पालकांच्या रागाला वाट करून दिली आणि संघाच्या हातात काहीच ठेवलं नाही. पालक बहुधा प्रशिक्षकाकडे बघून वागतात. सरांनी टोपी आपटली की कडेचा आवाज चढतो. सर शांतपणे पंचाकडे चालत गेले की लोक ऐकायला थांबतात.

हा त्रास फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत क्रीडापंचांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ साली १७ हजारांहून जास्त पंचांची मतं घेतली, तेव्हा खेळातली वागणूक सगळ्यांत जास्त कोण बिघडवतं या प्रश्नाला पालक हे उत्तर सर्वांत वर होतं आणि त्याखालोखाल प्रशिक्षक. न्यू जर्सीतल्या डेप्टफर्डच्या लिटल लीगने २०२३ मध्ये नियम केला, की पंचाला शिवीगाळ करणाऱ्या पालकाने स्वतः तीन सामन्यांत पंचगिरी करावी, तोवर त्याला मैदानावर येता येणार नाही. स्वेच्छेने काम करणारे पंच सोडून जाऊ लागले म्हणून त्यांना हे करावं लागलं. मला ही युक्ती अर्धी पटते. अर्धा सेकंद म्हणजे किती, हे त्या जागी उभं राहिल्यावरच कळतं. पण पंचगिरी ही शिक्षा म्हणून वाटायची गोष्ट नाही, आणि रागावलेल्या माणसाच्या हाती मुलींचा सामना देणं त्या मुलींवर अन्याय करणारं आहे.

त्यापेक्षा हंगामाच्या सुरुवातीला, पहिल्या सरावाच्या दिवशी, प्रशिक्षकाने पालकांना मैदानावर बोलवावं. एकेकाला कॅचरच्या मागे, जाळीच्या आत उभं करावं आणि आपल्याच पिचरचे दहा चेंडू बघून स्ट्राइक की बॉल ते सांगायला लावावं. तिसऱ्या बेसवरचं ते अपील करून दाखवावं. पंचाचा डावा हात आडवा पसरला म्हणजे त्याने अडथळा पाहिलेला आहे, फक्त खेळ पुरा होऊ देतोय, हे सांगावं. आणि ज्या पालकाची नजर सगळ्यांत तिखट, जिभेवर ताबा सगळ्यांत कमी, त्याच्याकडे संघाची स्कोअरवही द्यावी. फलंदाजीचा क्रम चुकला तर पंच आणि अधिकृत गुणलेखक आपणहून काही बोलत नाहीत. तेही अपीलवरच चालतं. समोरच्या संघाची पाचवी बॅटर यायच्या ठिकाणी सहावी आली, हिट मारून पहिल्या बेसवर उभी राहिली, आणि हे वहीवाल्या पालकाच्या लक्षात आलं, तर त्याने एवढंच करायचं: वही सरांपुढे धरून त्या नावावर बोट ठेवायचं. सरांनी वेळ मागून अपील केलं, की जिची पाळी चुकली ती बाद आणि पहिल्या बेसवरची परत. पुढचा चेंडू पडायच्या आत एवढं सहज होतं.