देवासची संध्याकाळ

गेल्या वर्षी कॅरिबियन क्रूझवर असताना कोझुमेलला आम्ही आठ तास उतरलो होतो. डोक्यावर ऊन, हातात पाण्याची बाटली आणि सगळं लक्ष घड्याळाकडे. परत आलो ते फ्रिजवर लावायचं एक कासव घेऊन. त्यामुळे या मे महिन्यात इंदूरच्या लग्नात एक दिवस मोकळा मिळाला आणि बाबा म्हणाले, "धार-देवास करून येऊ," तेव्हा माझ्या लेकीनं लगेच विचारलं, "आबा, बोट किती वाजता सुटणार?"

बोट म्हणजे भाड्याची इनोव्हा. सातला संगीत, म्हणून साडेपाचला देवास सोडायचं ठरलं.

बाबा देवासचे. नोकरीसाठी १९७० मध्ये बाहेर पडले. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, गुडघे दुखतात. पुन्हा इकडे येणं होईल का, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

पोहे-जिलेबी खाऊन निघालो. धार इंदूरहून साधारण साठ किलोमीटर. पवारांच्या या लाल दगडी किल्ल्यात १७७५ च्या जानेवारीत दुसरा बाजीराव जन्मला. नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथराव परागंदा झाले, तेव्हा आनंदीबाई इथे आश्रयाला होत्या. म्हणजे पुण्याचा शेवटचा पेशवा जन्मानं धारचा! लेकीला हे ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. लाट मशिदीपाशी प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे ओट्यावर आडवे ठेवलेत. दहा वाजताच त्या लोखंडाची धग जवळ उभं राहून जाणवत होती.

तिथून इंदूरवरून देवासला पोचेपर्यंत दीड वाजला. गाडीतला काटा ४२ वर. बाबांची गल्ली सापडली, पण घराच्या जागी तीन मजली इमारत होती. बाबा रस्त्यातच उभे राहिले. समोरच्या घरातून एक काकू बाहेर आल्या. "काय हो, इतक्या उन्हात कुठे निघाले? आत या आधी!" तीच माळव्यातली, हिंदीच्या वळणाची मराठी. ओळख निघायच्या आधी कैरीचं पन्हं आलं. मग तासभर जुनी नावं निघत राहिली. त्यातली बरीचशी आता नसलेल्यांची.

लेक कंटाळली होती. "एवढ्या उन्हात लोक इथे राहायला का आले?" असं तिनं मला हळूच विचारलं. बाबांनी ते ऐकलं. "एक जण तर या हवेसाठीच आला होता," ते म्हणाले. कुमार गंधर्वांना क्षय झाला आणि डॉक्टरांनी कोरड्या हवेत राहायला सांगितलं, म्हणून १९४८ मध्ये ते देवासला आले. काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या रस्त्यावरून येणारी माळवी लोकगीतं ते ऐकत राहिले. त्यातून पुढे त्यांचं वेगळं गाणं घडलं. बरे झाल्यावरही ते इथेच राहिले, १९९२ मध्ये जाईपर्यंत. टेकडीच्या पायथ्याचं 'भानुकुल' हे त्यांचं घर. बाबा शाळकरी असताना तिथून जाताना तंबोरा ऐकू आला की पाय आपोआप हळू पडायचे म्हणे.

पाचला रोपवेनं टेकडीवर गेलो. वर थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. खाली पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचं देवास. दोन भावांच्या दोन गाद्या, एकाच गावात दोन राजे! इंग्रजी लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. बाबा बोटानं दाखवत होते, कुठली वस्ती थोरलीची, कुठली धाकटीची. लेकीनं फोनवर नकाशा उघडून खुणा करायला सुरुवात केली.

साडेपाच वाजले. मी घड्याळ पाहिलं. बाबा म्हणाले, "थोडं थांबू या का? वारा सुटेल आता." बाबा सहसा काही मागत नाहीत. थांबलो.

सूर्य कलला आणि खरंच वारा सुटला. कोरडा, हलका, अंगावरचा घाम पुसून नेणारा. माळव्याच्या रात्रींना 'शब-ए-मालवा' म्हणून का नावाजतात, ते तेव्हा कळलं. खाली दिवे लागत होते. बाबा कठड्याला टेकून डोळे मिटून उभे होते. इंदूरहून फोन आला, तो लेकीनं उचलला. "मावशी, बोट आज उशिरा सुटणार आहे," ती म्हणाली आणि आबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

संगीताचा अर्धा कार्यक्रम बुडाला. बहिणीनं दोन दिवस ऐकवलं.

तुमच्यापैकी कोणाचे आजी-आजोबा धार-देवासचे असतील, तर त्यांना घेऊन जा. दुपारी कोणाच्या तरी ओसरीवर बसा. आणि परतीची वेळ ठरवताना, एक संध्याकाळ तेवढी मोकळी ठेवा.