न कळणारं गाणं

अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात परवा नववीच्या इंग्रजीचं एक पुस्तक हाताला लागलं. वीस रुपयांना घेतलं. कव्हर गेलेलं, कोपरे कुरतडलेले आणि आत प्रत्येक ओळीच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक अक्षरांत मराठी अर्थ. एकही शब्द मोकळा सोडलेला नाही. एका कवितेत तळ्याचं पाणी ‘स्टिल’ होतं, म्हणजे निश्चल, जराही न हलणारं. त्या शब्दावर त्या मुलानं की मुलीनं लिहिलं होतं : ‘अजून’.

चौकातल्या गर्दीत मी त्या ‘अजून’कडे बघत उभा राहिलो. चूक पोराची नव्हती. कुणीतरी शब्दांचे अर्थ सांगत गेलं होतं आणि ते उतरवून घेत गेलं होतं. ‘स्टिल’ म्हणजे अजून, हे खरंच आहे. पण तळं मात्र कुणीच दाखवलं नव्हतं.

आम्हीही असेच शिकलो. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून ते आलं २००० साली. पाचवी ते आठवी आम्ही अर्थ लिहून घेतले, पाठ केले, परीक्षेत ओतले आणि विसरलो. त्या तासाला वर्गात एक विशिष्ट शांतता असे. ती ऐकण्याची नव्हती, आपल्याला विचारू नये म्हणून धरलेल्या श्वासाची होती. उच्चार चुकला की सर हसायचे, आणि सर हसले की वर्गाला हसावंच लागायचं. एका मुलानं ‘क्नाइफ’ म्हटलं, ते त्याला दहावीपर्यंत चिकटलं.

नववीला बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर तोच शब्द लिहिला आणि म्हणाल्या, “हा ‘के’ काही उगाच नाही बसलेला. शेकडो वर्षांपूर्वी इंग्लंडातली माणसं तो म्हणायची. हळूहळू म्हणायची सोडली, पण लिहायची नाही. आपण ‘ज्ञ’ लिहितो तेव्हा त्यात ज आणि ञ असतात. म्हणतो का आपण तसं? आपण ‘द्न्य’ म्हणतो, हिंदीवाले ‘ग्य’ म्हणतात. अक्षरं मुकी नसतात रे, म्हातारी असतात. घरात म्हातारं माणूस बोलत नसलं तरी त्याचं पान वाढतोच ना आपण?” मागच्या बाकावरचा तो मुलगा मान वर करून बसला. तो जे म्हणाला होता ते चूक नव्हतं, फक्त फार जुनं होतं.

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं हायस्कूल गावाच्या कडेला होतं आणि शाळेच्या भिंतीला लागून ज्वारीचं रान. माघ सरत आला होता, काढणी सुरू होती. बाई काहीतरी व्याकरण शिकवत होत्या. बाहेर बायांनी पाती धरल्या आणि भलरी सुरू झाली. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. त्यातला वरचा आवाज आमच्याच वर्गातल्या एका मुलीच्या आजीचा होता. ती मुलगी खाली मान घालून वहीचा कोपरा दुमडत बसली. आधीचे सर अशा वेळी खिडकी लावून घ्यायला सांगत. बाईंनी पुस्तक मिटलं.

भलरी संपेपर्यंत त्या खिडकीशी उभ्या होत्या. मग वळल्या आणि न बोलता फळ्यावर एक कविता लिहायला लागल्या. पाठ्यपुस्तकातली नव्हती. बत्तीस ओळी, आठआठ ओळींची चार कडवी, सगळी तोंडपाठ. अर्धा तास फक्त खडूचा आवाज. लिहून झाल्यावर त्यांनी ती दोनदा वाचली. पहिल्यांदा डोळे मिटून ऐकायला लावली. अर्थ सांगितला नाही.

“काय कळलं?” त्यांनी विचारलं. कुणी काही बोलेना. “बरं. काय ऐकू आलं?” आता हात वर झाले. कुणाला त्यात झुलणारा ताल सापडला, कुणाला ओळींच्या शेवटी जुळणारे आवाज. एकाला ‘कुकू’ ऐकू आलं आणि तो म्हणाला, पक्षी असंल. पावशाच्या नात्यातला, बाई म्हणाल्या. मग मात्र वर्ग सुटला. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, तर हा काय म्हणतो? दूरदूरच्या बेटांमधल्या समुद्राची शांतता मोडतो, बाई म्हणाल्या. समुद्र आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता. पण पहिल्या पावसाआधी दुपारी रानात पावशा ओरडतो तेव्हा काय मोडतं, हे आम्हांला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कवितेचं नाव घेतलं : ‘द सॉलिटरी रीपर’. त्या एका नावावर अख्खा तास गेला. सॉलिटरीसाठी बाईंनी आमच्याकडून शब्द मागितले. एकटी, एकाकी, एकलकोंडी, एकली. फळ्यावर चारी मांडले आणि विचारलं, यातली कुठली गाईल? एकलकोंडी गाणार नाही, असं ठरलं. एकाकी रडेल. एकटी गाईल, पण कुणी आलं की थांबेल. एकली गात राहील, असं त्या आजीची नात म्हणाली. तिला कारण सांगता आलं नाही. बाईंनी बाकीचे तीन शब्द पुसले. आज मला वाटतं, समीक्षा म्हणतात ती हीच.

रीपरला तर आमच्याकडे शब्दच शब्द होते. काढणी वेगळी, सोंगणी वेगळी, खुडणी वेगळी. पेंढी कशी बांधतात, आळा कशाचा करतात, हे आम्ही बाईंना सांगितलं आणि बाईंनी वहीत लिहून घेतलं. इंग्रजीच्या तासाला आमच्याकडे जास्त शब्द आहेत, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली एक मुलगी रानात एकटीच पीक कापते, पेंढ्या बांधते आणि गाते. वाटेनं जाणारा माणूस थांबून ऐकतो. पण ती गाते गेलिक भाषेत. त्याला त्यातलं काहीही कळत नाही. कवितेच्या ऐन मध्यात तो विचारतोसुद्धा, कुणी सांगेल का मला ही काय गाते आहे ते? कुणी सांगत नाही. तरी ते गाणं तो सोबत घेऊन जातो. “म्हणजे बघा,” बाई म्हणाल्या, “इंग्रजीतला एवढा मोठा कवी, आणि परवा ही कविता ऐकताना तुम्ही जिथे होतात तिथेच तो उभा आहे. न कळण्याची लाज त्याला वाटली नाही. तुम्हांला का वाटावी?”

पुढे वाचनात आलं की या कवितेच्या कवीनं, वर्ड्‌स्वर्थनं, तर ती मुलगी पाहिलीही नव्हती. १८०३ साली तो बहीण डोरोथीबरोबर स्कॉटलंडात फिरला हे खरं, पण कविता लिहिली दोन वर्षांनी, आणि तीही थॉमस विल्किन्सन या मित्राच्या प्रवासवर्णनाच्या हस्तलिखितातल्या एका वाक्यावरून. १८०७ साली ती छापली तेव्हा त्यानं हे ऋण मोकळेपणानं सांगितलं. ऐकलं दुसऱ्यानं, आणि गाणं उरलं याच्याकडे. याच कवीचा नातू, त्याचंही नाव विल्यम वर्ड्‌स्वर्थ, पुढे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजचा प्राचार्य झाला. आजोबांच्या कविता त्यानं आपल्या पोरांना कशा वाचून दाखवल्या असतील, आणि खिडकीबाहेर तेव्हा कुठलं गाणं चाललं असेल, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

इंग्रजी शिकवणारे आपल्या मराठी लेखकांतही होते. मर्ढेकरांनी काही वर्षं इंग्रजी शिकवलं. विंदा करंदीकरांनी कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि राजा लिअरला मराठी बोलायला लावलं. नेमाड्यांनीही इंग्रजी शिकवलं. विंदा आणि नेमाडे, दोघांनाही ज्ञानपीठ मिळालं ते मराठीसाठी. मला यात विसंगती दिसत नाही. चांगला इंग्रजीचा शिक्षक मुलाला त्याच्या भाषेतून उचलून दुसरीकडे नेऊन ठेवत नाही. तो मुलाच्या शब्दांची थैली त्याच्याच समोर उघडतो आणि म्हणतो, बघ, यातला कुठला चालेल.

त्या आठवड्यात आजीच्या नातीनं घरी जाऊन कविता सांगितली. चुलीपुढं, मराठीत. एक बाई रानात एकलीच कापत असती अन् गात असती, अन् एक माणूस हुबा राहून ऐकतो. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्यानं इळा घ्यून दोन पेंढ्या तरी कापू लागल्या का न्हाई?”

सोमवारी नातीनं हे वर्गात सांगितलं. आम्ही हसायच्या बेतात होतो, पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं : ‘डिड ही हेल्प हर?’ मग म्हणाल्या, कविता पुन्हा वाचा आणि शोधा.

पुस्तकात नसलेलं, पण मला पुरतं कळलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य. आम्ही बत्तीसच्या बत्तीस ओळी शोधल्या. त्यानं मदत केली नव्हती. तो डोंगर चढून निघून गेला होता.