गुडघा आतल्या अंगाने का झिजतो?

शिळफाट्याला कर्जतची गाडी थांबली की उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे पाय जरा पाहा. कित्येकांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतील. ‘वय झाले, चालायचेच,’ असे आपण म्हणतो. वय तर खरेच, पण गुडघ्याची घडणही पाहायला हवी.

गुडघा म्हणजे दाराची बिजागरी नव्हे. मांडीच्या हाडाची दोन गोल टोके नडगीच्या सपाटशा माथ्यावर टेकतात. मध्ये चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या, हाडांवर गुळगुळीत कूर्चा. सरळ पायातही चालताना जास्त भार आतल्या बाजूवर पडतो. पाय बाहेर वाकला की आणखीच. बैलगाडीचे चाक कलले की धाव एकाच अंगाने झिजते, तसेच हे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, म्हणून झिजलेली भरून येत नाही. तिला संवेदनाही नसते, म्हणून सुरुवातीला दुखत नाही. झिजली की पाय वाकतो, वाकला की आणखी झिजते.

माझ्या वहिनींचा एक्स-रे डॉक्टरांनी मुद्दाम उभे करून काढला. अंगाचा भार पडल्यावरच खरी फट दिसते म्हणे. बाहेरच्या बाजूला चांगली फट होती, आत हाडाला हाड टेकलेले! चाळीस पावसाळे उकिडवे बसून भाताची बेणणी केलेली बाई ती.

इलाजही घडण पाहूनच ठरतो. वय कमी आणि झीज फक्त आत असेल, तर नडगीचे हाड कापून पाय सरळ करतात. स्वतःचा सांधा राहतो. आतले बंध शाबूत असतील तर काहींची एकच बाजू बदलता येते. नाहीतर पूर्ण सांधा. पंतप्रधान असताना अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे डॉ. चित्तरंजन राणावत यांनी मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले, २००० साली डावा, २००१ साली उजवा. तेव्हा गावोगावी त्याचीच चर्चा. किमतीचा धाक मात्र राहिला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला कर वगळून ५४,७२० रुपयांची मर्यादा घातली. रुग्णालयाचा खर्च वेगळा.

वहिनींनी आठ वर्षे तेल चोळण्यात काढली. तोवर गुडघा आखडला होता. शस्त्रक्रियेनंतर तो किती वाकेल, हे पुष्कळसे आधी किती वाकत होता यावरच ठरते. त्यांची वेदना गेली, पाय सरळ झाला, एस.टी.ची पायरी चढता येते. पण मांडी घालून पंगतीला बसणे संपले.

तेव्हा डॉक्टरांकडे गेलात तर उभ्याने काढलेला फोटो मागा, आणि झीज कोणत्या बाजूला आहे ते विचारा. वजन जास्त असेल तर उतरवा. एक किलो घटले की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. रोज खुर्चीवर बसून एकेक पाय समोर सरळ करा, दहा आकडे मोजा, मग हळू खाली आणा. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. बेणायला बसताना खाली छोटा पाट घ्या.