वीतभर ओरखडा

सात दिवस एका बोटीत राहिलेल्या चौघांचा निरोप दहा मिनिटांत उरकला. कारण एक ओरखडा. बोटीच्या नाळेजवळ, डाव्या अंगाला, वीतभर लांब. प्रस्तुत लेखिकेच्या डोळ्यांसमोरून तो अजून हलत नाही.

चौघंही पुण्याच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातली. एक मित्र लेस्टरला, मैत्रीण रेडिंगला, दुसरा मित्र नाशिकला, लेखिका ठाण्याला. लेस्टरच्या मित्रानं चेशायरमध्ये नॅरोबोट, म्हणजे कालव्यात चालणारी अरुंद बोट, भाड्यानं घेतली. कालव्यातून वेल्समधल्या लँगोलेनपर्यंत जायचं आणि परत यायचं.

कालव्यात वेगमर्यादा ताशी चार मैल, प्रत्यक्षात बोट तीननंच चालते. ग्रिंडली ब्रुकला सहा लॉक, म्हणजे बोट वरखाली नेणारे दरवाजांचे हौद, त्यातले तीन जिन्याच्या पायऱ्यांसारखे एकाला एक जोडलेले. वाकड्या लोखंडी चावीनं झडपा उघडायच्या, मग दरवाजाच्या लांब दांड्याला पाठ लावून रेटायचं. तिसऱ्या दिवसापासून सुकाणूवर कुणी थांबायचं आणि काठावर कुणी उतरायचं, हे बोलावं लागत नव्हतं. टेलफर्ड आणि जेसप यांच्या १८०५ सालच्या पाँटकसल्ते जलसेतूवर सुकाणू नाशिककराच्या हातात होतं. ३०७ मीटर लांबीची लोखंडी पन्हाळ, ३८ मीटर खाली डी नदी, एका बाजूला पायवाट आणि कठडा, दुसऱ्या बाजूला कठडाच नाही. पलीकडे पोचेपर्यंत चौघांपैकी कुणीही बोललं नाही.

या कालव्याला प्रवाह आहे. डी नदीचं पाणी तो हर्लस्टनच्या जलाशयाला पोचवतो, म्हणूनच १९४४ साली कायद्यानं वाहतुकीला बंद होऊनही तो बुजवला गेला नाही. त्यामुळे जाताना बोट पाण्याशी झगडते आणि परतताना पाणीच तिला पुढे लोटतं. परतीचे दिवस खरोखर लवकर संपले.

शनिवारी सकाळी नऊला बोट परत द्यायची होती. भाड्याच्या बोटींच्या तळावरचा माणूस कागद घेऊन आला, बोटीभोवती फिरला आणि नाळेपाशी थांबला. अनामतीतून पैसे कापणार म्हणाला. लेस्टरचा मित्र म्हणाला, हा ओरखडा पहिल्या दिवसापासून होता, मी तेव्हाच बोललो होतो. बोलला होता, लेखिकेनं स्वतः ऐकलं होतं. पण फोटो नव्हता आणि कागदावर नोंद नव्हती. शिवाय बोटीची रुंदी सहा फूट दहा इंच, लॉकची साधारण सात फूट. दोन्हीकडे मिळून उरतात जेमतेम दोन इंच. अशा जागी बोट घासणारच, आणि त्याचे पैसे पाहुण्यांकडून घ्यायचे? हा अन्यायच होता.

वाद चढत गेला. तेवढ्यात रेडिंगची मैत्रीण म्हणाली, "चर्कच्या बोगद्यात माझ्याकडूनच घासलं असेल. घ्या कापून."

ते खरं नव्हतं. त्या ४२१ मीटर अंधारात तिनं बोट भिंतीला लागू दिली नव्हती. भांडण मिटावं म्हणून ती खोटं बोलली, आणि मित्राला तेच लागलं. "मग मी खोटारडा ठरलो ना?" एवढंच म्हणून तो बॅगा गाडीत टाकायला लागला. मिठ्या झाल्या, पण घाईच्या.

बोटीवर टॉम रोल्ट यांचं १९४४ सालचं 'नॅरो बोट' हे पुस्तक होतं. ते वाचूनच रॉबर्ट एकमन रोल्ट यांना त्यांच्या बोटीवर भेटायला गेले, १९४६ साली कालवे वाचवण्याची संघटना उभी राहिली, आणि दोघांचं बिनसून १९५१ साली रोल्ट यांना तिच्यातून काढलं गेलं. स्पष्ट बोलायचं तर त्या दोघांचं भांडण निदान तत्त्वाचं होतं.

बोट भाड्यानं घेणाऱ्यांनी ती ताब्यात घेतानाच चारही बाजूंनी फोटो काढावेत, प्रत्येक ओरखडा लिहून घ्यावा. आणि बोट सोडायच्या दिवशी लगेच कुणाची गाडी किंवा विमान नसावं, एक रात्र जवळच्या गावात सगळ्यांनी मिळून काढावी.

तळावरच्या माणसाचा राग आहेच. पण लिहिता लिहिता लेखिकेला जाणवतं, की राग त्याच्यापेक्षा त्या सकाळच्या स्वतःच्या गप्प बसण्याचा आहे. "हा बोलला होता, मी ऐकलंय," एवढं एक वाक्य पुरलं असतं. तेव्हा ती भांडी पुसत होती.

लेस्टर ते रेडिंग गाडीनं सुमारे दोन तास. ती दोघं त्यानंतर भेटलेली नाहीत.